ब्रेक ‘अचानक’ फेल होतो का?

“गाडी घेताना ती थांबण्याचेही पैसे मी मोजलेले असतात,” मालकाने ब्रेक समजून घ्यावा का, या वादातल्या शंकेखोराने सुरुवातीलाच सांगून टाकलं. “मग डिस्क कुठे, ड्रम कुठे, कॅलिपर म्हणजे काय, हे मला कळलंच पाहिजे असा हट्ट कशासाठी? पद्मिनी गाडीच्या काळात चारही चाकांना ड्रम होते, लायनर झिजले की ब्रेक ॲडजस्ट करून घ्यावे लागत, तेव्हा मालकाला ते कळणं भागच होतं. आता गाडीच सगळं सांगते. डॅशबोर्डवर लाल दिवा आहे, एबीएसचा पिवळा दिवा आहे. सर्व्हिसची तारीख जवळ आली की फोन येतो. एप्रिल 2019 पासून आपल्याकडे नव्या कारना एबीएस सक्तीचं झालं. एवढं सगळं असताना मालकाने ब्रेकमध्ये डोकं घालावं म्हणजे त्यात काळजी थोडी आणि लुडबुड फार.”

मालकाला ब्रेक कळलाच पाहिजे असं म्हणणारी, म्हणजे या वादातली ‘आग्रही’, दिव्यांपासूनच सुरू झाली. तिचं म्हणणं असं, की दिवे खोटं बोलत नाहीत, पण त्यांना फार थोडं माहीत असतं.

“साध्या गाड्यांमधला तो लाल दिवा मुख्यतः दोनच गोष्टी सांगतो. हँडब्रेक ओढलेला आहे, किंवा ब्रेक ऑइलची पातळी खाली गेली आहे. पॅड किती उरलेत हे त्याला ठाऊक नसतं. नवा पॅड साधारण दहा-बारा मिलिमीटर जाड असतो, तीनाच्या आसपास आला की बदलायचा. मधले सात-आठ मिलिमीटर झिजताना एकही दिवा लागत नाही. पॅड झिजेल तसा कॅलिपरचा पिस्टन पुढे सरकतो, त्याच्या मागची जागा भरायला ऑइल खाली उतरतं आणि बॉनेटखालच्या डबीतली पातळी हळूहळू कमी होते. दिवा लागला म्हणून कुणी नुसतं ऑइल ओतलं की दिवा विझतो आणि झिजलेला पॅड होता तिथेच राहतो. पिवळ्या एबीएसच्या दिव्याचंही तसंच. तो पेटला म्हणजे चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा बंद पडली. एरवीचा ब्रेक चालूच असतो. तेव्हा लाल दिवा दिसला की गाडी बाजूला घ्यायची आणि पिवळा दिसला की जपून गॅरेज गाठायचं. हा फरकच अनेकांना माहीत नसतो.”

“मग उरलेलं कोण सांगतं?”

“आवाज, वास आणि पाय,” ती म्हणाली. “बहुतेक पॅडना पत्र्याची एक छोटी जीभ असते. पॅड संपत आला की ती डिस्कला घासते आणि चीं असा बारीक, कानाला टोचणारा आवाज येतो. तो आवाज मुद्दाम ठेवलेला आहे, आणि तो ऐकू येतो तेव्हा अजून वेळ हातात असतो. तो दुर्लक्षित केला तर पुढे खरखर सुरू होते. मसाला संपून पॅडची लोखंडी पाटी डिस्कवर घासत असते. आता नुसत्या पॅडवर भागत नाही, डिस्कलाही चर पडलेले असतात. गाडी ब्रेक लावताना एका बाजूला ओढत असेल तर एका चाकाचा कॅलिपर अडकलाय किंवा रबरी होज आतून बुजलाय. थोडं अंतर गेल्यावर एकाच चाकातून जळका वास आला, ते चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलं, तर तिथला ब्रेक सुटतच नाही. ब्रेक दाबताना पेडल पायाखाली धडधडलं, स्टिअरिंग थरथरलं, तर डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नाही. पेडल स्पंजासारखं लागलं तर पाइपात हवा. सिग्नलला पाय दाबून धरलेला असताना ते सावकाश खाली चाललं तर मास्टर सिलिंडरचं आतलं रबर गेलं. पेडल दगडासारखं कडक झालं तर बूस्टरला व्हॅक्यूम मिळत नाही. आणि चाकाच्या आतल्या बाजूला, टायरवर ओलसर तेलकट ओघळ दिसला तर गाडी हलवायचीच नाही, मिस्त्रीला जागेवर बोलवायचं.”

यादी लांबलचक आहे आणि तिच्यातलं प्रत्येक वाक्य खरं आहे. शंकेखोराची हरकत नेमकी त्या लांबीलाच होती.

“एवढं ऐकून घाबरणारेच जास्त निघतील. पावसाळ्यात रात्रभर बाहेर उभ्या राहिलेल्या गाडीच्या डिस्कवर तांबूस गंज धरतो आणि सकाळी पहिले दोन-चार ब्रेक खरखरतात. हा दोष आहे का? नाही. एबीएस काम करतं तेव्हा पेडल पायाखाली ठकठक करतं. तो दोष समजून लोक नेमक्या त्याच क्षणी पाय उचलतात, म्हणजे जी यंत्रणा त्यांना वाचवत असते तीच सोडून देतात. नव्या पॅडचा पहिल्या काही दिवसांचा आवाज, धुळीचा खडा अडकल्याचा आवाज… प्रत्येक चीं ऐकून गॅरेजला पळणारा माणूस शेवटी आवाजाकडे लक्ष देणंच सोडतो.

“पण माझी खरी हरकत यापेक्षा मोठी आहे. तुम्ही पायावर विश्वास ठेवायला सांगताय, आणि पाय हाच सगळ्यांत बेभरवशाचा साक्षीदार आहे. चष्म्याचा नंबर वाढतो तेव्हा माणसाला कळतं का? पाटी वाचायला तो नकळत दोन पावलं पुढे सरकतो. ब्रेकचंही तसंच होतं. पेडल दर आठवड्याला केसभर खाली जातं, मालक दर आठवड्याला केसभर लवकर पाय टाकतो. वर्षाने पेडल निम्म्यावर आलेलं असतं आणि तो शपथेवर सांगतो, की ब्रेक एकदम ठीक आहे. एखाद्या दिवशी मेव्हणा ती गाडी चालवायला घेतो आणि पहिल्याच सिग्नलला ओरडतो. मग सांगा, रोज गाडी चालवणाऱ्याला जे कळत नाही, ते त्याला कळावं म्हणून हा सगळा आटापिटा का?”

या लेखापुरतं बोलायचं तर वादाचा गाभा इथे आहे. ब्रेक सहसा हळूहळूच जातो, महिनोन्‌महिने खुणा देत जातो. पण खुणा जितक्या हळू येतात तितक्या त्या रोजच्या माणसाला अदृश्य होतात. ‘लक्ष द्या’ एवढंच सांगून हा प्रश्न सुटत नाही.

आग्रहीने ते मान्य केलं. “पाय सवयीने बनतो, खरं आहे. म्हणून मी आठवणीवर सोडत नाही; ज्यांचं उत्तर हो किंवा नाही असंच येतं अशा चाचण्या करते. इंजिन बंद ठेवून ब्रेक चार-पाच वेळा दाबायचा, पेडल कडक झालं की पाय तसाच दाबून ठेवून इंजिन चालू करायचं. पेडल किंचित खाली सरकलं तर बूस्टर जिवंत आहे. जराही हललं नाही तर नाही. मग तोच पाय अर्धा मिनिट दाबून ठेवायचा; पेडल खाली जात राहिलं तर कुठेतरी गळती आहे. रिकाम्या सरळ रस्त्यावर तीस-चाळीसच्या वेगात, स्टिअरिंगवर हात हलके ठेवून ब्रेक लावायचा. गाडी सरळ थांबते की एका अंगाला झुकते ते पाहायचं. बॉनेट उघडून ऑइलच्या डबीवरच्या दोन रेघा पाहायच्या. अलॉय व्हीलच्या फटीतून बाहेरच्या पॅडची जाडी बहुधा दिसते, मात्र आतला पॅड कित्येकदा आधी झिजतो, म्हणून चाक काढूनच खात्री होते. ती शेवटची खात्री सोडली तर यातल्या कशालाही पाना लागत नाही आणि ब्रेक काल कसा होता हेही आठवावं लागत नाही.”

“चाचण्या बऱ्या आहेत,” शंकेखोर म्हणाला. “पण आकडे माझ्या बाजूने आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने 2015 मध्ये अपघातांच्या एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष छापले. अपघाताआधीच्या साखळीतलं शेवटचं निर्णायक कारण सुमारे 94 टक्के वेळा चालकाकडे गेलं, वाहनाकडे फक्त 2 टक्के. त्या दोनांतही पहिला क्रमांक टायरचा, 35 टक्के. ब्रेक 22 टक्के. म्हणजे शंभरात अर्ध्या अपघातालाही ब्रेक निर्णायक ठरत नाही. तुम्ही सगळं बळ तिथे खर्च करताय. तेच बळ वेग कमी करण्यावर आणि गुळगुळीत टायर बदलण्यावर लावा. ब्रेक चाक थांबवतो, गाडी टायर थांबवतो.”

“शेवटचं वाक्य तर सोन्याचं आहे,” ती म्हणाली. “झिजलेल्या टायरवर नवे पॅड बसवणं हा पैशाचा अपव्यय आहे. पण तो आकडा जरा उलगडून पाहू. त्याच अहवालात सांगितलंय, की शेवटचं कारण म्हणजे दोष कुणाचा याचा निवाडा नव्हे. आणि वाहनातले दोष बहुतेक बाहेरून नजरेने पाहून नोंदले गेले होते. आता ब्रेकचा सगळ्यांत घातक बिघाड घ्या. तो उष्णतेने होतो. पॅड मर्यादेपलीकडे तापला की त्याची पकड सुटते. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात; द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते, म्हणून पेडल तळाला टेकतं आणि चाकापर्यंत काही पोचत नाही. तासाभराने सगळं निवतं, वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि पेडल जागेवर येतं. अपघातानंतर दुसऱ्या दिवशी गाडी तपासणाऱ्याला ब्रेक ठणठणीत मिळतो. मग अहवालात काय लिहिलं जातं? चालकाची चूक.”

शंकेखोर यावर थोडा थांबला, पण हटला नाही. “हे कोणत्याही चालकाला सोयीचं आहे. पुरावा निवून गेला म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. नोव्हेंबर 2022 मध्ये पुण्यात नवले पुलाजवळ, कात्रजच्या नव्या बोगद्याकडून येणाऱ्या उतारावर, एका अवजड वाहनाने कित्येक गाड्यांना धडक दिली. पहिली चर्चा ब्रेक फेलचीच झाली. पोलिसांच्या प्राथमिक तपासात पुढे आलं ते वेगळंच: डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद केलेलं होतं. तिथे पॅडची जाडी मोजून काय मिळालं असतं?”

“पॅडची जाडी मोजून काही नाही, पण ब्रेक कशावर चालतो हे माहीत असतं तर फरक पडला असता. ट्रकचा ब्रेक हवेच्या दाबावर चालतो आणि हवा भरणारा कॉम्प्रेसर इंजिनावर. इंजिन बंद केलं की प्रत्येक दाबाबरोबर टाकीतली हवा कमी होत जाते, भरून येत नाही. कारमध्येही तेच, फक्त व्हॅक्यूमच्या रूपात: इंजिन बंद झालं की बूस्टरमध्ये दोन-तीन वेळा पुरेल एवढाच साठा राहतो, मग ब्रेक लागतो पण त्याला दोन्ही पायांचं बळ लागतं. आणि इंधन वाचतं हा समजही चुकीचा. आजचं फ्युएल इंजेक्शनचं इंजिन गाडी गियरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की उतारावर इंधन तोडूनच टाकतं. न्यूट्रलला टाकलं तर उलट आयडलिंगपुरतं इंधन जळत राहतं. हे ब्रेकचंच ज्ञान आहे. ते गॅरेजमध्ये मिळत नाही, आणि डॅशबोर्डवर त्याचा दिवाही नाही.”

मग तिने बोरघाट मांडला, आणि इथे हिशेब थोडा तपशिलात पाहण्यासारखा आहे. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे 620 मीटर उंच. एक्स्प्रेसवेने खोपोलीच्या बाजूला उतरताना गाडी ढोबळमानाने 500 मीटर खाली येते. तेवढ्या उंचीची ऊर्जा कुठेतरी जायलाच हवी. गणित केलं तर ती ताशी 100 किलोमीटरवरून पूर्ण थांबायला लागणाऱ्या ऊर्जेच्या बारा-तेरा पट भरते. गाडी हलकी असो की भरलेली, हे गुणोत्तर बदलत नाही. थोडी ऊर्जा वाऱ्याला आणि टायरच्या घर्षणाला जाते. उरलेली एकतर इंजिन खातं किंवा ब्रेक. न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्याने ती सगळी ब्रेकच्या गळ्यात घातलेली असते. ज्या गियरमध्ये घाट चढलो त्याच गियरमध्ये उतरायचं, असं जुने ड्रायव्हर सांगत आले, त्यामागे हा हिशेब आहे. आंबा, कुंभार्ली, वरंधा, आंबोली, कुठल्याही घाटाला तो लागू पडतो.

“आता ऑइल त्यात ठेवा,” आग्रही पुढे म्हणाली. “ब्रेक ऑइल हवेतला दमटपणा ओढून घेतं. नवं डॉट 3 प्रतीचं ऑइल किमान 205 अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असं मानक आहे, त्यात 3.7 टक्के पाणी मुरलं की ती मर्यादा 140 वर येते. डॉट 4 ची 230 वरून 155 वर. मुंबई-कोकणच्या दमट हवेत हे मुरणं थांबत नाही, गाडी उभी असली तरी. शहरातल्या सिग्नलांवर या जुन्या ऑइलने काहीच जाणवत नाही. तुमच्या त्या सवयीच्या पायालाही नाही, आणि मेव्हण्याच्या ताज्या पायालाही नाही. माझी पेडलची चाचणीही पास होते. ते कळतं घाटाच्या निम्म्यावर. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलायचं, गाडी किती चालली ते न पाहता.”

शंकेखोराने हे चटकन उचललं. “म्हणजे तुमच्याच तोंडून आलं, की सगळ्यांत घातक गोष्ट ना आवाजाने कळते, ना वासाने, ना पायाने. ती तारखेने कळते. मग मालकाला जाणकार करण्यापेक्षा त्याला कॅलेंडर द्या. ऑइल दोन वर्षांनी. चाकं काढून पॅड आणि मागचे ड्रम उघडून पाहणं दर दहा हजार किलोमीटरला किंवा वर्षाला, जे आधी येईल ते. मीटर बुडवून ऑइलमधलं पाणी मोजून घ्यायचं. बास. कारण जाणकार झालेला मालक पुढचं पाऊल टाकतोच. व्हिडिओ पाहून घरी पॅड बदलतो, कॅलिपर रबरी होजला लोंबकळत ठेवतो, पॅडच्या घासणाऱ्या बाजूला ग्रीसचा हात लावतो. ऑइल कमी म्हणून हाताला येईल ते इंजिन ऑइल ओततो आणि सगळी रबरं फुगून सिस्टिमच बाद होते. पाच-सहाशे रुपये वाचवायला कुठलंतरी बिनपावतीचं पाकीट आणतो. अर्धवट ज्ञान पंख्याच्या बटनापुरतं ठीक आहे, ब्रेकमध्ये नाही.”

इथे त्याचं पारडं जड आहे, हे कबूल करायला हवं. ब्रेकचं काम घरगुती हौसेचं नाही. पाइपात राहिलेला हवेचा एक बुडबुडा पुरेसा असतो. जुन्या लायनरच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकतं, ती फुंकरीने किंवा हवेच्या पाइपाने उडवणं फुप्फुसांना घातक. बदलायचे तर पॅड एका ॲक्सलच्या दोन्ही चाकांचे एकदम, ही साधी गोष्टही हौशी माणूस चुकवतो.

“पाना हातात घेऊ नका, हे मीच सांगते,” आग्रही म्हणाली. “पण कॅलेंडर पुरत नाही. रोज घाट उतरणाऱ्याचे पॅड आणि नागपूर-अमरावती सरळ रस्त्यावर चालणाऱ्याचे पॅड एका अंतराला संपत नाहीत. पावसाळ्यात दोन महिने हँडब्रेक ओढून उभी ठेवलेली गाडी किलोमीटर शून्य चालते आणि मागचे लायनर ड्रमला चिकटून बसतात. त्याऐवजी गियरमध्ये ठेवून चाकाखाली दगड लावायला हवा होता. पाण्यातून गाडी काढली की ड्रम ओले होतात, दोन-चारदा हलका ब्रेक लावून ते वाळवायचे, हे कुठल्या तारखेत बसवणार? विजेच्या गाड्यांत तर उलटाच प्रश्न आहे. मोटारच गाडी रोखते, त्यामुळे डिस्क फार कमी वापरली जाते, तिच्यावर गंज चढतो, कॅलिपरच्या पिना अडकतात. पॅड जाड दिसतो आणि ब्रेक कमजोर असतो. आणि घाटमाथ्यावर बॅटरी पूर्ण भरून निघालात तर मोटारीला ऊर्जा ठेवायला जागाच नसते, ती हात आखडता घेते. सगळा भार पुन्हा त्या गंजलेल्या डिस्कवर. हे माहीत असणारा माणूस लागतो, आणि तो रोज त्या गाडीत बसणाराच असू शकतो.”

“पण तोच सवयीने आंधळा झालेला असतो.”

“हो. म्हणून तिसरा माणूस हवा.”

आणि त्या तिसऱ्या माणसाबाबत दोघेही अडखळले. टॅक्सी, बस, ट्रक यांना ठरावीक मुदतीने फिटनेस तपासणी आहे. खासगी कारची नोंदणी मात्र 15 वर्षांची असते, आणि त्या काळात तिच्या ब्रेककडे कुणी अधिकृतपणे पाहावं अशी नेमाने येणारी सक्ती नाही. पीयूसीला गाडी नियमित जाते. धूर मोजला जातो, ब्रेक नाही. ब्रिटनमध्ये तीन वर्षांनंतर दरवर्षी आणि जर्मनीत तीन वर्षांनंतर दर दोन वर्षांनी खासगी गाडीचीही तपासणी होते. चाकं रोलरवर ठेवून ब्रेक दाबतात आणि डाव्या-उजव्या चाकाचा जोर आकड्यात दिसतो. त्या आकड्याला सवय लागत नाही.

“आणा ना सक्ती,” शंकेखोर म्हणाला. “पण पीयूसीच्या टपरीवर गाडी न लावता कागद मिळतो हे आपण दोघांनीही पाहिलंय. ब्रेकचा असा कागद मिळायला लागला तर आज जो माणूस थोडी तरी काळजी करतो, तोही काच खाली करून कागद दाखवेल आणि निर्धास्तपणे घाट उतरेल. आज त्याला निदान माहीत आहे, की कुणी तपासलेलं नाही.”

“मग गॅरेजमध्ये उभं राहून जुने पॅड हातात मागून घ्यायचे, जाडी स्वतः पाहायची.”

“ते तुमच्याच गाडीचे आहेत हे कशावरून?”

“चाक उघडताना तिथे असाल तर कळेल. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये बहुधा आत सोडत नाहीत, हेही खरं. तिथे फोटो मागता येतो, पॅडची जाडी मिलिमीटरमध्ये कागदावर लिहून मागता येते. मागच्या वेळचा आकडा आणि या वेळचा आकडा शेजारी ठेवला की किती अंतरात किती झिजला ते दिसतं, आणि पुढचा घाट त्याच पॅडवर उतरायचा की नाही ते ठरवता येतं.”

“आणि त्यांनी आकडा न मोजताच लिहिला तर?”

“तर तो पुढच्या वेळच्या आकड्याशी जुळणार नाही.”

“जुळवून लिहिला तर?”

यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं. तिने एवढंच विचारलं, की त्याच्या गाडीतलं ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललं. त्याला सर्व्हिसची तारीख आठवत होती, पण त्या बिलात ऑइल होतं की नाही ते सांगता येईना.